खेळाडूच्या कुटुंबाची पार्श्वभूमी ऑनलाइन कशी शोधावी : नावापासून पुराव्यापर्यंत

फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर आणि जॅकी जॉयनर-कर्सी या सख्ख्या बहिणी असाव्यात, असा समज सहज होतो. दोघी अमेरिकेच्या, दोघींनी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकलेली आणि दोघींच्या नावात जॉयनर. प्रत्यक्षात फ्लोरेन्स यांचे माहेरचे आडनाव ग्रिफिथ आणि जन्म लॉस एंजेलिसचा. १९८७ मध्ये त्यांचे लग्न अल जॉयनर यांच्याशी झाले. अल हे १९८४ च्या ऑलिंपिकमधील तिहेरी उडीचे सुवर्णपदक विजेते आणि जॅकी यांचे भाऊ. जॅकी यांचा जन्म ईस्ट सेंट लुइसचा, आणि त्यांच्या नावातले कर्सी हे आडनाव पती व प्रशिक्षक बॉब कर्सी यांच्याकडून आलेले. म्हणजे या दोघी नणंद-भावजय होत्या. दोन जन्मस्थळे आणि एक विवाहवर्ष एवढे पडताळले तरी हा गैरसमज दूर होतो.

खेळाडूच्या कुटुंबाविषयीच्या बहुतेक चुका अशाच होतात. नाव जुळले की नाते गृहीत धरले जाते, एकाने लिहिलेले दहा जण उतरवून घेतात आणि दहा ठिकाणी दिसले म्हणून ते खरे मानले जाते. नाव जुळणे ही शोधाची केवळ सुरुवात असते. नाते सिद्ध करण्यासाठी ते स्पष्टपणे नोंदवणारा, शक्यतो त्या काळातला कागद लागतो. असा कागद ऑनलाइन कसा गाठायचा, तो किती विश्वासार्ह आहे हे कसे ठरवायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करा

‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा फार ढोबळ शब्दप्रयोग आहे. घरात आधी कोणी खेळत होते का, हा एक प्रश्न झाला. घराणे मूळचे कुठले आणि कोणत्या परिस्थितीत स्थलांतरित झाले, हा दुसरा. खेळाडू लहानाचा मोठा झाला तेव्हा घरची आर्थिक व सामाजिक स्थिती कशी होती, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर क्रीडाविषयक माहितीसाठ्यांत मिळते, दुसऱ्याचे जनगणना, जन्मनोंदी आणि जहाजांच्या प्रवासी याद्यांत, तर तिसऱ्याचे मुलाखती, आत्मचरित्रे आणि स्थानिक वृत्तपत्रांत. आपल्याला यांपैकी काय हवे आहे ते एका वाक्यात लिहून काढावे आणि शोध भरकटू लागला की त्या वाक्याकडे परत यावे.

खेळाडू हयात आहे की दिवंगत, हेही याच वेळी नोंदवावे. पुढे कोणती साधने वापरणे शक्य आहे आणि कोणती वापरणे योग्य आहे, हे बरेचसे त्यावर अवलंबून असते.

दुसरी पायरी : नावाची उकल करा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. शोधयंत्र उघडण्यापूर्वी खेळाडूचे पूर्ण नाव आणि त्या समाजातली नाव ठेवण्याची रीत समजून घेतली, तर नंतरचे कष्ट निम्म्याने कमी होतात.

मराठी नावात मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे सचिन रमेश तेंडुलकर या नावातच वडिलांचे नाव हाती लागते. हीच अपेक्षा ठेवून इतरत्र गेलो तर मात्र फसगत होते. इथिओपियात सर्वसाधारणपणे आडनाव नसते. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावले जाते. तिरुनेश दिबाबा, एजेगायेहू दिबाबा आणि गेन्झेबे दिबाबा या तिघी ऑलिंपिक पदक विजेत्या धावपटू सख्ख्या बहिणी आहेत, आणि दिबाबा हे त्यांच्या वडिलांचे नाव आहे. त्यांची नात्यातली बहीण देरार्तू तुलू ही सुद्धा ऑलिंपिक विजेती, पण तिच्या नावात दिबाबा नाही. उलट, नावापुढे बेकेले लावणारे दोन धावपटू दिसले तर त्यांचे एकमेकांशी काही नाते असेलच असे नाही. दोघांच्या वडिलांचे नाव योगायोगाने एकच असू शकते.

स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावे असतात, रूढ क्रमाने पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. राफाएल नदाल परेरा या पूर्ण नावातून आईचे माहेर परेरा हे कळते, आणि फुटबॉलपटू मिगेल आंखेल नदाल व प्रशिक्षक टोनी नदाल हे वडिलांच्या बाजूचे, म्हणजे काका, हे आडनावावरूनच सुचते. रशियन पद्धतीत मुलीचे आडनाव स्त्रीलिंगी रूप घेते. टेनिसपटू मरात साफिन आणि दिनारा साफिना हे भाऊ-बहीण. केवळ ‘साफिन’ शोधले तर बहिणीच्या बातम्या निसटू शकतात. रशियन नावातले मधले नाव वडिलांवरून येत असल्यामुळे ‘मिखाइलोविच’ दिसले की वडील मिखाइल हे समजते. चीनमध्ये आडनाव आधी येते आणि विवाहानंतर स्त्रिया सहसा स्वतःचेच आडनाव ठेवतात. बास्केटबॉलपटू याओ मिंग यांचे वडील याओ झियुआन आणि आई फांग फेंगदी, दोघेही बास्केटबॉल खेळलेले. आईचा क्रीडाप्रवास शोधायचा तर फांग हे आडनाव ठाऊक असावेच लागते. पुसर्ला वेंकट सिंधू या नावात घराण्याचे नाव सुरुवातीला आहे, त्यामुळे ‘सिंधू’ला आडनाव समजून केलेला शोध भलतीकडे जातो. त्यांचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू, आणि वडील पी. व्ही. रमणा हे अर्जुन पुरस्काराचे मानकरी.

एकाच घरात वेगवेगळी आडनावे असणेही दुर्मीळ नाही. ध्यानचंद यांचे मूळ नाव ध्यान सिंह. त्यांचे भाऊ रूप सिंह १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्यासोबत खेळले, तर त्यांचे पुत्र अशोक कुमार १९७५ चा हॉकी विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते. चंद, सिंह आणि कुमार ही तीन नावे यादीत पाहणाऱ्याला ती एकाच घरातली आहेत हे कळण्याचा काही मार्ग नाही. क्रिकेटमध्ये लाला अमरनाथ यांचे स्वतःचे नाव पुढच्या पिढीत मोहिंदर आणि सुरिंदर यांचे आडनाव होऊन बसले.

याशिवाय नाव बदललेले असू शकते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदके मिळवणारे, कलकत्त्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने नट झाले आणि १९२९ मध्ये अमेरिकेत वारले. प्रिचर्ड हे नाव धरून त्यांच्या उत्तरायुष्याच्या नोंदी शोधल्या तर हाती फारसे लागणार नाही. अमेरिकेचे धावपटू जेसी ओवेन्स यांचे नाव जेम्स क्लीव्हलँड, घरी त्यांना जे. सी. म्हणत, नव्या शाळेतल्या शिक्षिकेने ते ‘जेसी’ असे ऐकले आणि तेच कायम झाले. त्यामुळे त्यांच्या बालपणीच्या नोंदींत ‘जेसी’ शोधून उपयोग नाही. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्री खेळाडूंच्या बाबतीत दोन्ही नावे हवीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या फॅनी ब्लँकर्स-कून यांच्या नावात माहेर (कून) आणि सासर (ब्लँकर्स) दोन्ही आहेत. त्यांचे पती यान ब्लँकर्स १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत उतरले होते.

तेव्हा एक नाव-तक्ता करावा. त्यात जन्मनाव, रूढ नाव, टोपणनाव, विवाहानंतरचे नाव, आद्याक्षरांसह लिहिलेले नाव, मूळ लिपीतले नाव आणि रोमन लिपीतली सर्व संभाव्य रूपे नोंदवावीत. खाशाबा जाधव यांचा उल्लेख परदेशी नोंदींत ‘के. डी. जाधव’ असा येतो, आणि त्यांच्या पहिल्या नावाची रोमन रूपेही एकाहून अधिक आहेत. अशा प्रत्येक रूपाने स्वतंत्र शोध घ्यावा लागतो.

तिसरी पायरी : ओळखीच्या खुणा ठरवा

एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत टाळण्यासाठी आपल्या खेळाडूच्या चार-पाच खुणा आधीच निश्चित कराव्यात : जन्मतारीख, जन्मस्थळ, खेळ, क्लब अथवा संस्था, कारकिर्दीची वर्षे. नवी माहिती सापडली की तिच्यात यांपैकी किमान दोन खुणा स्वतंत्रपणे जुळतात का, ते पाहावे.

मात्र जन्मतारखेवर सगळा भार टाकू नये. मिल्खा सिंग यांचे जन्मवर्ष वेगवेगळ्या नोंदींत १९२९ पासून १९३५ पर्यंत आढळते. फाळणीत गाव आणि माणसे मागे राहिलेल्या पिढीच्या बाबतीत हे स्वाभाविकच आहे. अमेरिकेचे ऑलिंपिक विजेते जिम थॉर्प यांच्या जन्मवर्षाबद्दल १८८७ की १८८८ असा वाद आहे, आणि त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव लॅटिन वळणाने ‘याकोबुस फ्रान्सिस्कुस’ असे आहे. एका-दोन वर्षांच्या फरकासाठी योग्य माणूस वगळणे ही घाईच होईल. दोन्ही तारखा टिपून ठेवाव्यात आणि निर्णय बाकीच्या खुणांवर घ्यावा.

चौथी पायरी : क्रीडाविषयक माहितीसाठे पाहा

ऑलिंपिकमध्ये भाग घेतलेल्या खेळाडूंसाठी ‘ऑलिंपीडिया’ हे संकेतस्थळ सर्वप्रथम पाहावे. ऑलिंपिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे खपून केलेले हे काम आहे आणि ते सर्वांसाठी मोफत खुले आहे. तिथे प्रत्येक खेळाडूच्या पानावर पूर्ण नाव, रूढ नाव, जन्म-मृत्यूचा तपशील आणि बऱ्याच ठिकाणी चरित्रपर टिपण असते. आपल्या कामाची खरी जागा म्हणजे ‘नात्यातले ऑलिंपियन’ ही नोंद. कोण कोणाचा भाऊ, मुलगी, पती किंवा नातू हे तिथे थेट दिलेले असते. क्रिकेटपटूंच्या बाबतीत ‘ईएसपीएन क्रिकइन्फो’च्या खेळाडू-पानांवर नातेवाईक खेळाडूंची नोंद मिळते.

सुनील गावसकर यांचे उदाहरण थोडे जवळून पाहू. गावसकर या आडनावाने शोध घेतला तर क्रिकेटमध्ये पुत्र रोहन सापडतात आणि गाडी तिथेच थांबते. आईचे माहेर मंत्री, हे कळल्यावर कसोटी यष्टिरक्षक माधव मंत्री पुढे येतात. ते गावसकरांचे मामा. बहीण कविता यांच्या विवाहाची नोंद मिळाली की गुंडप्पा विश्वनाथ हे मेहुणे असल्याचे समजते. आता मामा असल्याची खातरजमा कशी करायची? माधव मंत्री यांचे निधन मे २०१४ मध्ये झाले. त्या आठवड्यातले मृत्युलेख काढले की गावसकर त्यांचे भाचे असल्याचा उल्लेख मिळतो, आणि तो त्या वेळच्या, तारखेसह छापलेल्या मजकुरात असतो. माहितीसाठ्याने दिशा दाखवली आणि वृत्तपत्राने पुरावा दिला. हाच क्रम बहुतेक ठिकाणी चालतो.

विकिपीडियाचा उपयोग मुख्यतः तळटीपांसाठी करावा. लेखातले वाक्य उचलण्यापेक्षा ते कोणत्या स्रोतावर उभे आहे ते उघडून वाचावे. एकाच खेळाडूवरचा लेख त्याच्या मातृभाषेत अनेकदा अधिक सविस्तर असतो, म्हणून भाषांची यादी उघडून पाहायला विसरू नये. विकिडेटा या सहप्रकल्पात वडील, आई, भावंड, जोडीदार आणि अपत्य यांसाठी स्वतंत्र रकाने असतात, त्यामुळे एका खेळाडूपासून त्याच्या खेळणाऱ्या नातेवाइकांपर्यंत दुव्या-दुव्याने जाता येते. तिथल्या प्रत्येक नात्यापाशी संदर्भ जोडलेला आहे का, ते मात्र पाहावे. संदर्भ नसलेली नोंद म्हणजे केवळ सूचना.

पाचवी पायरी : शोधयंत्राला नीट प्रश्न विचारा

खेळाडूचे नाव आणि ‘कुटुंब’ एवढेच टंकले तर समोर येतात ती एकमेकांची नक्कल केलेली, जाहिरातींनी भरलेली पाने. ‘वय, उंची, पत्नी, संपत्ती’ अशा मथळ्यांची ही पाने पुरावा म्हणून कधीही वापरू नयेत. त्यांना वगळून पुढे जाण्याचे काही उपाय आहेत.

पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घातले की तोच शब्दक्रम असलेली पाने मिळतात. नको असलेल्या शब्दापूर्वी वजाचे चिन्ह जोडून लिहिले की तो शब्द असलेली पाने गळतात. समान नावाचा एखादा नट किंवा राजकारणी वाटेत येत असेल तेव्हा हे फार उपयोगी पडते. इंग्रजीत ‘साइट’ लिहून लगेच कोलन आणि संकेतस्थळाचा पत्ता दिला की शोध त्याच संकेतस्थळापुरता मर्यादित होतो. ‘फाइलटाइप’ आणि कोलन यांच्यापुढे ‘पीडीएफ’ दिले की संघटनांच्या स्मरणिका, विद्यापीठांची वार्तापत्रे आणि सत्कारांच्या पुस्तिका वर येतात; कुटुंबाची माहिती अशा कागदांत अनपेक्षितपणे भरपूर असते. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ या शब्दांना कोलन व वर्ष जोडून गूगलमध्ये काळाची मर्यादा घालता येते. खेळाडू प्रसिद्ध होण्याच्या आधीच्या काळापुरता शोध घेतला, तर स्थानिक पातळीवरच्या साध्यासुध्या बातम्या दिसतात आणि त्यांत ‘अमुक यांची कन्या’ असे निःसंकोचपणे लिहिलेले असते.

नात्याचे शब्द नावासोबत जोडून पाहावेत, आणि तेही खेळाडूच्या भाषेत व लिपीत. जपानी, अरबी, रशियन किंवा कोणत्याही भारतीय भाषेतल्या खेळाडूविषयी केवळ इंग्रजीत शोधणे म्हणजे उत्तराचा मोठा भाग स्वतःहून सोडून देणे आहे. मूळ लिपीतले नाव विकिपीडियाच्या त्या भाषेतल्या लेखाच्या शीर्षकावरून उतरवून घ्यावे आणि सापडलेली पाने यंत्रानुवादाने वाचावीत. नात्याचे शब्द अनुवादात घसरतात, म्हणून निर्णायक वाक्य असेल तेव्हा ती भाषा जाणणाऱ्या व्यक्तीकडून ते तपासून घ्यावे.

शोधयंत्रे आणि संवादी यंत्रे (चॅटबॉट) हल्ली तयार सारांश देतात. कुटुंबाच्या बाबतीत हे सारांश विशेष धोकादायक असतात, कारण समान नावाच्या दोन व्यक्तींची माहिती एकत्र करून ते ठामपणे उत्तर देऊ शकतात. सारांशाखाली दिलेला दुवा उघडून तेच वाक्य स्वतः वाचल्याशिवाय ते टिपणात घेऊ नये.

सहावी पायरी : जुनी वृत्तपत्रे

दिवंगत खेळाडूंच्या शोधात याच्याइतके फलदायी साधन नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडचे ‘पेपर्स पास्ट’, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ आणि नेदरलँड्सचे ‘डेल्फर’ हे संग्रह मोफत वाचता येतात; ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ साठी सर्वसाधारणपणे वर्गणी भरावी लागते, तरी शोध घेऊन काय आहे ते आधी पाहता येते.

सामन्याच्या वृत्तांतापेक्षा जन्म, विवाह आणि निधनाच्या छोट्या जाहिराती अधिक मोलाच्या ठरतात. निधनवार्तेत मागे कोण राहिले याची यादी असते. त्यातून विवाहित बहिणींची सासरची नावे, भावांची गावे आणि कधीकधी नातवंडांची संख्याही कळते. म्हणून केवळ खेळाडूचा मृत्युलेख काढून थांबू नये. त्याच्या आईवडिलांचे आणि भावंडांचे मृत्युलेखही शोधावेत, कारण खेळाडूचे नाव तिथे नातेवाईक म्हणून हमखास येते. सत्कारसमारंभाचा वृत्तांत आणि विजयानंतर घरी परतलेल्या खेळाडूच्या स्वागताची बातमी यांतही घरच्यांची नावे असतात.

इथे दोन अडचणी येतात. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरे चुकतात. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी आले की यंत्राला ते एम वाटते. नाव सापडत नसेल तर गाव, खेळ आणि वर्ष टाकून शोधावे. दुसरे म्हणजे, जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत विवाहित स्त्रीचा उल्लेख पतीच्या नावाने होत असे आणि विल्यम, जेम्स अशी नावे आखडून लिहिली जात. आजीचे स्वतःचे नाव सापडत नसेल, तर आजोबांच्या नावाआधी ‘मिसेस’ लावून पाहावे.

बंद पडलेल्या संकेतस्थळांसाठी इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ आहे. क्लबांची जुनी पाने तिथे बऱ्याचदा शाबूत सापडतात.

सातवी पायरी : वंशावळ आणि जनगणनेच्या नोंदी

ही पायरी मागच्या पिढ्यांसाठी आहे. ‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ मोफत आहे, फक्त खाते उघडावे लागते. तिथे तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्यांत फरक करणे अत्यावश्यक आहे : मूळ नोंदीचे छायाचित्र, त्या नोंदीची कोणीतरी केलेली सूची, आणि सभासदांनी मिळून बनवलेली वंशावळ. पुरावा म्हणून मोजायचे ते मूळ छायाचित्र. सूचीत वाचनाच्या चुका असतात आणि वंशावळीत उत्साहाच्या.

जनगणनेच्या वैयक्तिक नोंदी किती वर्षांनी उघडायच्या, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत ७२ वर्षांची मुदत आहे, म्हणून १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही मुदत १०० वर्षांची असून १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये उपलब्ध झाली. १९३१ ची कागदपत्रे १९४२ मधल्या आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही, म्हणून त्या पिढीसाठी १९३९ च्या नागरिक नोंदवहीचा आधार घ्यावा लागतो. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना मोफत पाहता येतात. भारतात जनगणना अधिनियम, १९४८ नुसार वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात, त्यामुळे तो मार्ग बंदच आहे.

मुहम्मद अली यांचे जन्मनाव कॅशियस मार्सेलस क्ले. क्ले या आडनावाने कितीही मागे गेलो तरी आयर्लंड गाठता येणार नाही. त्यांच्या आईचे नाव ओडेसा ग्रेडी. तिच्या आजोबांचे नाव अ‍ॅब ग्रेडी, आणि ते आयर्लंडमधल्या एनिस या गावाहून अमेरिकेत आलेले. अली २००९ मध्ये एनिसला गेले तेव्हा तिथे त्यांचे जाहीर स्वागत झाले. प्रत्येक पिढीत आईचे माहेर नोंदवले तरच अशी वाट दिसते, आणि वंशावळ लिहिणारे नेमके हेच वगळतात, याची मला खंत वाटते.

आठवी पायरी : पुरावा तोला

प्रत्येक नात्यासाठी टिपणात एक ओळ ठेवावी : कोण, कोणाचा कोण, कुठे वाचले, त्या मजकुराची तारीख, आणि लिहिणाऱ्याला ते कसे माहीत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. खेळाडूने स्वतः मुलाखतीत आईवडिलांविषयी सांगितले असेल तर ती प्रत्यक्ष माहिती. पणजोबांविषयी सांगितले असेल तर ती घरात चालत आलेली आठवण. दोन्ही नोंदवाव्यात, पण एकाच मापाने मोजू नयेत.

चार संकेतस्थळांवर तेच वाक्य, तीच चूक आणि तोच शब्दक्रम दिसला तर ते चार स्रोत नव्हेत, एकच स्रोत आहे. सर्वांत जुनी तारीख असलेले पान शोधावे आणि तिथे मुळात काय लिहिले होते ते पाहावे. कित्येकदा मूळ बातमीत ‘नात्यातला असल्याचे सांगितले जाते’ असे असते आणि तिसऱ्या नकलेपर्यंत त्याचा सख्खा पुतण्या झालेला असतो. इंग्रजी मजकुरावरून मराठीत लिहिताना ही घसरण आणखी सोपी होते, कारण तिथे काका आणि मामा यांना एकच शब्द आहे. बाजू कळत नसेल तोवर ‘आईच्या किंवा वडिलांच्या बाजूचे नातेवाईक’ असेच लिहावे.

नववी पायरी : कुठे थांबायचे

खेळाडू सार्वजनिक व्यक्ती असतो. त्याची भावंडे, मुले आणि वृद्ध आईवडील तसे नसतात. हयात नातेवाइकांचे पत्ते, दूरध्वनी, नोकरीची ठिकाणे आणि मुलांच्या शाळा यांचा शोध घेऊ नये आणि वाटेत सापडल्यास टिपू नये. अल्पवयीन मुलांची नावे, ती आईवडिलांनी स्वतः जाहीर केलेली असली तरी, गरज नसेल तर वगळावीत. नातेवाइकांच्या समाजमाध्यमांवरील खासगी खात्यांत शिरण्यासाठी खोटे नाव धारण करणे सर्वथा अयोग्य आहे. ज्याने आपल्याविषयीची माहिती शोधयंत्रांतून काढून टाकायला लावली आहे, त्याचा पाठपुरावा करू नये.

दत्तकविधान आणि पालकत्व हा तर फार नाजूक विषय. अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांना त्यांचे आजोबा रॉन आणि त्यांच्या पत्नी नेली यांनी दत्तक घेऊन वाढवले. रिओ ऑलिंपिकच्या वेळी एका समालोचकाने हे दोघे त्यांचे आईवडील नव्हेत असे जाहीरपणे लिहिले आणि नंतर त्याला माफी मागावी लागली. ज्यांना खेळाडू आईवडील म्हणतो त्यांना आपणही आईवडीलच म्हणावे. जैविक नात्याची चर्चा खेळाडूने स्वतः केली असेल तेवढ्यापुरतीच असावी.

त्याच ऑलिंपिकमध्ये सिंधू यांनी रौप्यपदक जिंकल्यानंतर त्यांची जात कोणती, हे शोधणाऱ्यांची संख्या वाढल्याच्या बातम्या आल्या होत्या. आडनावावरून जात, धर्म किंवा वंश ठरवणे हा संशोधनाचा भाग नाही. खेळाडूने आपल्या वाटचालीत त्याचा स्वतः उल्लेख केला असेल आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध असेल, तर त्याच्याच शब्दांत तो द्यावा. अंदाज बांधून छापलेली जात खेळाडूच्या घरच्यांना मनस्ताप देते, आणि ती माहिती बहुधा चुकीचीही असते.

दहावी पायरी : लिहिताना

लेखात प्रत्येक नात्याला त्याच्या पुराव्याच्या बळाप्रमाणे शब्द द्यावेत. मूळ नोंद पाहिली असेल तर विधान सरळ करावे. मृत्युलेखावर आधारलेले असेल तर त्या मृत्युलेखाचे वर्ष वाक्यातच सांगावे. घरगुती आठवण असेल तर ती कोणी सांगितली ते लिहावे. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर सोयीची निवडून दुसरी लपवू नये. मिल्खा सिंग यांच्या जन्मवर्षासारखी विसंगती वाचकाला सांगितली की लेखावरचा विश्वास वाढतो.

महत्त्वाच्या प्रत्येक पानाची प्रत वेबॅक मशीनवर जतन करावी आणि तिचा दुवा व तारीख टिपणात लिहावी. शोधात माहितीसाठ्यातली एखादी चूक सापडली, तर विकिडेटावर संदर्भासह स्वतः दुरुस्ती करता येते आणि ऑलिंपीडियाच्या संपादकांना पुराव्यासह कळवता येते. लेख प्रसिद्ध झाल्यावर कुटुंबातल्या कोणी काही तपशील चुकीचा असल्याचे कळवले, तर त्यांच्याकडून आधार मागून तो दुरुस्त करावा. आणि खासगी व्यक्तीने आपले नाव काढण्याची विनंती केली, तर त्यासाठी आधार मागत न बसता ते काढून टाकावे.